पहाटे तीनला हात झटकत उठता? मुंग्या कोणत्या बोटात येतात, ते आधी बघा

पहाटे तीन-साडेतीनला जाग येते. उजवा हात जणू आपला नाहीच. बोटांत मुंग्या, जळजळ, कधी कोपरापर्यंत चढणारी कळ. पलंगाच्या कडेला बसून हात खाली सोडायचा, थर्मामीटरचा पारा उतरवायला झटकतात तसा झटकायचा. दोन-चार मिनिटांत बरं वाटतं आणि पुन्हा डोळा लागतो. सकाळी स्कूटरचा हँडल धरला की परत तेच.

घरात यावर निदान तयार असतं. 'हातावर झोपली असशील', 'वात आहे', 'मानेचा मणका असेल', 'बी-ट्वेल्व्ह कमी झालं'. आता त्यात रील्सची भर पडली आहे. अंगठ्याने स्क्रोल करणारा हात लाल रंगात दाखवायचा, खाली लिहायचं 'मोबाईलमुळे तुमची नस दबतेय', आणि शेवटी मनगटाच्या चुंबकीय पट्ट्याची लिंक. या सगळ्यात सहा महिने, वर्ष सहज निघून जातं. दबलेल्या नसेसाठी तेवढा काळ थोडा नसतो.

२०२५ या वर्षात या दुखण्याशी संबंधित तीन गोष्टी घडल्या. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. इंजेक्शन आधी की ऑपरेशन आधी, हा जुना वाद त्यात तपासला होता. सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आणि २१ नोव्हेंबरला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होईल, असं तेव्हा केंद्र सरकारने जाहीर केलं. या तिन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून आल्या. त्या एकत्र का वाचायच्या, ते पुढे येईलच. आधी मनगट समजून घेऊ.

मनगटात अडकतं काय?

तळहाताच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली आणि बाजूंना मनगटाची छोटी हाडं, वर एक जाड, न ताणणारा पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे टेंडन जातात आणि त्यांच्या सोबतीला एकच नस. इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. तिचं नाव मीडियन नर्व्ह. बोगदा वाढत नाही, छत ताणलं जात नाही. त्यामुळे दोऱ्यांभोवतीचं आवरण थोडं जरी सुजलं, की दाब या नसेवर येतो, कारण सगळ्यांत मऊ तीच असते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटात नस दबण्याचा हा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार.

रात्रीच का दुखतं, याचं उत्तर या दाबात आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोगद्यात बारीक नळी घालून दाब मोजला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो दोन-अडीच मिलिमीटर होता, रुग्णांमध्ये तीसच्या पुढे. मनगट पूर्ण वाकवलं किंवा मागे मोडलं, तर रुग्णांमध्ये तो नव्वद ते एकशे दहापर्यंत चढला. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली घालतो, अंगातलं पाणी दिवसभर पायांत उतरलेलं असतं ते आडवं झाल्यावर हातांकडेही येतं. मग नसेचा रक्तपुरवठा आखडतो आणि ती ओरडायला लागते. हात झटकला की थांबते. डॉक्टरला 'हात दुखतो' इतकंच न सांगता 'रात्री उठून झटकावा लागतो' असं सांगितलंत, तर निम्मं निदान तिथेच होतं.

बोटं नसेचं नाव सांगतात

हा भाग नीट वाचा. लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच.

मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागाची संवेदना वाहते. करंगळी तिच्याकडे नाही. त्यामुळे मुंग्या पहिल्या तीन-साडेतीन बोटांत असतील आणि करंगळी ठणठणीत असेल, तर संशय कार्पल टनेलचा. तळहाताच्या मधल्या कातडीला जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटून वरून जाते, म्हणून तळहात बहुतेक शाबूत राहतो आणि बोटं बधिर होतात. 'सगळाच हात बधिर होतो' असं सांगणारे पुष्कळ असतात. त्यांना करंगळीला चिमटा काढून बघायला सांगितलं, की बरेचदा उत्तर बदलतं.

उलट करंगळी आणि अनामिकेचा तिच्याकडचा अर्धा भाग बधिर होत असेल, तर नस दुसरी आहे, अल्नर नर्व्ह. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला तिचा वेगळा बोगदा आहे. फ्रेंच सर्जन फेलिक्स ग्वीयों यांनी १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला ग्वीयोंचा बोगदा म्हणतात. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांचा तळहात हँडलवर तासन् तास दाबला जातो, त्यांच्यात ही नस इथे दबते. पण करंगळीच्या मुंग्यांचं कारण मनगटापेक्षा कोपरात सापडण्याची शक्यता जास्त. कोपर आपटल्यावर झिणझिणी येते ती हीच नस. कोपर दुमडून फोन कानाला लावून तासभर बोलणं तिला मानवत नाही. मोबाईलवर आरोप ठेवायचाच तर खरं म्हणजे तो इथे ठेवायला हवा.

तिसरी नस कातडीच्या अगदी खालून जाते, अंगठ्याच्या मागच्या बाजूला. घट्ट घड्याळाचा पट्टा, हातात न मावणारी बांगडी किंवा पोलिसांची बेडी यांनी ती दबते. मग अंगठ्याच्या मागे, हाताच्या पाठीवर जळजळ होते. उपाय साधा आहे, घट्ट असेल ते काढा. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

आणि एक दुखणं नसेचं नाहीच. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दुखतं, बाळाला काखेत धरून उचलताना कळ येते, पण मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. ते डी क्वेरवेन, म्हणजे अंगठ्याच्या दोऱ्यांच्या आवरणाची सूज. नव्या आयांना हे हमखास होतं. रील्समध्ये 'कार्पल टनेल' म्हणून जे दाखवतात, त्यातलं पुष्कळसं हेच असतं.

घरी एक गोष्ट करून बघता येते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकांना टेकवून, बोटं जमिनीकडे करून, मनगटं मिनिटभर दुमडून ठेवा. पहिल्या तीन बोटांत मुंग्या आल्या तर चाचणी सकारात्मक धरतात. अमेरिकी सर्जन जॉर्ज फॅलन यांच्या नावाने ती ओळखली जाते. ती चुकूही शकते, दोन्ही बाजूंनी. पक्कं निदान डॉक्टर हात तपासून करतात आणि गरज पडली तर नसेतून वीज किती वेगाने जाते ते मोजणारी नर्व्ह कंडक्शन तपासणी किंवा सोनोग्राफी सांगतात. मान आणि बी-ट्वेल्व्ह हे घरचे संशयही अगदीच खोटे नाहीत. मानेतली नस दबली तर बहुधा मान वळवताना कळ खांद्यातून उतरते. बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेत मुंग्या बहुतेक पायांपासून आणि दोन्ही बाजूंना सुरू होतात. शाकाहारी घरांत ती कमतरता खरोखरच असते, पण ती भरून काढली म्हणून मनगटातला बोगदा रुंद होत नाही.

मग हा आजार होतो कुणाला?

डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तंत्रज्ञांचा अभ्यास झाला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. कीबोर्ड बडवल्यामुळे कार्पल टनेल होतं, असं त्यात दिसलं नाही. आठवड्याला वीस तासांहून जास्त माऊस वापरणाऱ्यांत थोडा धोका दिसला, तोही मोठा नाही. आयटीतल्या माणसांना हा आजार होतच नाही असं नाही, पण त्याचा चेहरा म्हणून लॅपटॉपवरचा तरुण दाखवायचा, हे चित्र चुकीचं आहे.

खरा चेहरा बहुतेकदा चाळीस ते साठ वयाच्या बाईचा असतो. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळतो. मधुमेह, थायरॉईड कमी असणं, संधिवात, वाढलेलं वजन, पूर्वी मोडलेलं मनगट ही कारणं त्यात भर घालतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगावर सूज येते तेव्हाही होतो आणि बाळंतपणानंतर बहुतेक ओसरतो. म्हणूनच, हाताला मुंग्या येतात म्हणून गेलेल्या बाईची साखर आणि थायरॉईड तपासणं हा डॉक्टरांचा उगाच वाढवलेला खर्च नसतो. उतारवयात दोन्ही मनगटांत हा त्रास सुरू झालेला पुरुष असेल तर जाणकार डॉक्टर हृदयाकडेही एक नजर टाकतात, कारण अमायलॉइड नावाचं प्रथिन आधी मनगटात साठतं आणि काही वर्षांनी हृदयाच्या स्नायूत, असं काही रुग्णांत दिसलं आहे.

आणि मग काम. पुरावा सगळ्यात भक्कम आहे तो जोर लावून तेच तेच करण्याच्या, मनगट सतत मोडून ठेवण्याच्या आणि थरथरणारी अवजारं धरण्याच्या कामांबाबत. रस्ता फोडणारा ब्रेकर, ग्राइंडर, कटिंग मशीन. कत्तलखान्यात आणि मासळी प्रक्रियेत दिवसभर सुरी चालवणारे हात. आपल्याकडे त्यात आणखी कामं डोळ्यांसमोर येतात. सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात. शिवण, गुरांच्या धारा, भाकरी थापणं, कपडे पिळणं यांतही मनगट आणि बोटं तीच, तशीच वापरली जातात. यातलं एकेक काम आजार आणेलच असं म्हणता येणार नाही. पण मधुमेह असलेली पंचेचाळिशीची बाई दिवसा शिवण आणि संध्याकाळी भाकऱ्या करते, तेव्हा तिच्या बोगद्यात सगळी कारणं एकत्र जमतात.

पट्टा, इंजेक्शन की ऑपरेशन?

सुरुवातीच्या टप्प्यात पहिला उपाय स्वस्त आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. मनगट सरळ, पुढे वाकलेलं नाही आणि मागे मोडलेलंही नाही. दुकानातले अनेक पट्टे मनगट मागे मोडून धरतात, त्यांतली धातूची पट्टी काढून सरळ करून घ्यावी लागते. किमान दीड-दोन महिने नियमाने वापरला तरच उपयोग कळतो. चार दिवस लावून 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

दुसरा उपाय बोगद्याजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन. स्टिरॉइड म्हटलं की लोक घाबरतात, पण इथे एकाच जागी, थोडी मात्रा दिली जाते. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, एवढं लक्षात ठेवायचं. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये लॅन्सेटमध्येच आलेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांना पट्टेवाल्यांपेक्षा जास्त आराम होता. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. म्हणजे इंजेक्शन आराम लवकर देतं, कायमचा देईलच असं नाही.

तिसरा उपाय ऑपरेशन. बोगद्याचं छत असलेला तो जाड पट्टा कापायचा, बस. हात बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. कॅनडातले सर्जन डोनाल्ड लालोंड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत दंडाला आवळपट्टीही बांधत नाहीत, रुग्ण जागा असतो आणि डॉक्टरांशी गप्पा मारतो. दुर्बिणीतून करा किंवा छोटा छेद घेऊन, काही महिन्यांनंतरचा निकाल जवळपास सारखाच. रात्रीच्या मुंग्या पुष्कळदा लगेच थांबतात. पकडीचा जोर यायला आठवडे, कधी महिने लागतात आणि तळहाताच्या मुळाशी दुखरेपणा काही काळ राहतो. भाकरी थापणाऱ्या बाईला हे आधी सांगायला हवं. नाहीतर ऑपरेशन बिघडलं, अशी तिची समजूत होते.

आता ती नेदरलँड्सची चाचणी. ९३४ रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एकाची सुरुवात ऑपरेशनने, दुसऱ्याची इंजेक्शनने, आणि गरज पडली तर पुढचे उपचार दोघांनाही खुले. दीड वर्षाने पहिल्या गटातले ६१ टक्के बरे झाले होते, दुसऱ्यातले ४५ टक्के. यातून 'इंजेक्शन बेकार' असा मथळा काढणं सोपं आहे, पण आकडा उलटाही वाचता येतो. इंजेक्शनने सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास निम्मे बरे झाले. त्याच वेळी, ऑपरेशनने सुरुवात करूनही दहातले चार दीड वर्षाने पूर्ण बरे नव्हते. माझ्या मते याचा अर्थ असा की निदान पक्कं असेल तर ऑपरेशनला 'शेवटचा उपाय' म्हणून वर्षानुवर्षं ढकलत राहण्यात शहाणपण नाही. एका इंजेक्शननंतर त्रास परतला, तर दुसरं, तिसरं, चौथं घेत बसण्याआधी सर्जनशी बोलायला हवं.

कारण नसेला वेळेची मर्यादा असते. आधी मुंग्या येतात-जातात. मग त्या कायमच्या होतात. मग शर्टाचं बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही, हातातून कप निसटतो. शेवटी अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होतो, कारण त्या स्नायूंना हुकूम देणारी नस मेलेली असते. या टप्प्यावर अनेकांचं दुखणं थांबतं आणि घरचे खूश होतात, 'बरं झालं एकदाचं'. तेव्हा ऑपरेशन करून पुढची हानी थांबते, पण गेलेली ताकद पूर्ण परत येईल याची हमी कुणी देत नाही. मनगट मोडल्यावर काही तासांत बोटं झपाट्याने बधिर होऊ लागली आणि कळ असह्य झाली, तर ती तातडीची वेळ असते. उद्या सकाळची वाट बघायची नाही.

'नसांच्या गोळ्यां'बद्दल थोडं. बी-सिक्स जीवनसत्त्वाचा या आजारावर उपयोग होतो, हे चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. उलट मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर तेच जीवनसत्त्व नसा खराब करतं आणि त्याचीही सुरुवात मुंग्यांनीच होते. चुंबकीय पट्ट्यांना आधार नाही. आणि दबलेल्या नसेवर अंगठ्याने जोरात रगडून 'नस मोकळी' करणाऱ्यांपासून मनगट लांब ठेवा.

कायद्याला हा हात दिसतो का?

इथे त्या तीन बातम्या एकत्र येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोम नावानिशी आहे. जोर लावून वारंवार केलेलं काम, थरथर आणि मनगटाची अवघड ठेवण ही कारणंही तिथे लिहिली आहेत. फ्रान्समध्ये तो भरपाईयोग्य आजार आहे. जर्मनीने तो २०१५ मध्ये आपल्या यादीत घेतला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या २९ आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, आवाजाने येणारा बहिरेपणा. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेतली यादीही त्याच वळणाची आहे. विष, धूळ, किरणोत्सर्ग, आवाज. थरथर आणि पुनरावृत्ती यांनी बिघडणारी नस त्यात नाही. यादीत नसलेला आजार कुणी कळवत नाही. कळवला जात नाही म्हणून मोजला जात नाही, आणि मोजला जात नाही म्हणून तो 'बाईमाणसाचं हातदुखणं' होऊन राहतो.

त्यात महाराष्ट्रात दिवसाची मर्यादा १२ तासांवर जाते आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच राहील, असं सरकार म्हणतं, ते खरं आहे. पण जादा कामाची तिमाही मर्यादाही ११५ वरून १४४ तासांवर नेली आहे. शिवाय मनगटाला आठवड्याची बेरीज कळत नाही. ग्राइंडर सलग किती वेळ धरला आणि मध्ये किती सोडला, हे त्याला कळतं.

म्हणून चाळिशीनंतरची मोफत तपासणी महत्त्वाची. हा आजार वाढतो तो नेमका त्याच वयात. रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे यांच्या जोडीला कामगाराला 'रात्री हात झटकावा लागतो का' एवढं विचारलं, अंगठ्याचा उंचवटा दाबून पाहिला आणि मनगटं मिनिटभर दुमडायला लावली, तर दोन-तीन मिनिटं लागतील आणि यंत्र एकही लागणार नाही. तपासणीच्या फॉर्ममध्ये ही एक ओळ घालायला कुठल्याही कंपनीच्या डॉक्टरला कायदा बदलण्याची वाट बघावी लागत नाही.

ठेकेदाराकडून पानं-तंबाखू आणून घरी विड्या वळणाऱ्या बाईपर्यंत ही तपासणी कशी पोचणार, हा प्रश्न उरतोच. घरात भाकऱ्या थापणारीला तर मालकच नाही. त्यांच्यासाठी, आणि तुमच्या घरातल्या अशा कुणासाठी, आज करता येण्यासारखं एक काम आहे. कोऱ्या कागदावर त्यांचा हात ठेवून पेन्सिलीने आकार काढा, पुढून एक, मागून एक. जिथे मुंग्या येतात तो भाग त्यांनाच रंगवायला सांगा आणि बाजूला लिहा, रात्री किती वेळा जाग येते, किती महिने झाले, कोणतं काम करताना वाढतं. डॉक्टरसुद्धा अशी चित्रं निदानासाठी वापरतात. तो कागद घेऊन अस्थिरोगतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा हाताच्या सर्जनकडे जा, आणि साखर-थायरॉईडचे जुने रिपोर्ट असतील तर तेही सोबत न्या.